खापरांची साक्ष

ताम्रपट आणि शिलालेख यांच्याइतकीच मातीची खापरेही बोलकी असतात. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे १९४५ साली व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन कुंभांचे तुकडे सापडले. केरळातील पट्टणम् येथे २००७ पासून झालेल्या उत्खननांतही ते विपुल मिळाले. या कुंभांतून मद्य, ऑलिव्हचे तेल आणि खारविलेल्या माशांचा रस येई. परतीच्या जहाजांत मिरी भरली जाई. पश्चिम किनाऱ्यावरील रोमन समजली गेलेली कित्येक खापरे मात्र माती व आतील डांबराचा लेप तपासल्यावर इराणी आखाताकडील ठरली. व्यापाराचा नकाशाच त्यामुळे दुरुस्त करावा लागला.

ही साक्ष खापर जागच्या थरात असेल तरच मिळते; उपसून भरावात टाकलेले खापर मुके होते. गोमंतकातील कदंबांचे गोपकपट्टण हेही नामांकित बंदर होते. अशा प्राचीन बंदरांच्या परिसरात आधी पुरातत्त्वीय तपासणी आणि मगच पायाखोदाई, असा दंडक शासनाने व पंचायतींनी घालावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. इमारत उद्याही उभारता येईल. विस्कटलेला थर पुन्हा रचता येणार नाही.