एकच मेमरी, दोन पत्ते

मागच्या क्रॉस-कंट्रीला निकालाचा पडदा मध्येच काळा पडला, हे हाऊसमधल्या मुलांनी मला अजून विसरू दिलेलं नाही. प्रोग्रॅम माझाच होता. चूक कुठे झाली ते आता कळलंय, म्हणून लिहितो.

प्रोग्रॅम खरं तर दोन होते. एकात फिनिश लाईनवरचे चेस्ट नंबर भरायचे, दुसरा हाऊसचे गुण पडद्यावर दाखवायचा. ऑपरेटिंग सिस्टिम चालू प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी देते, दुसऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून दोघांसाठी एक सामाईक तुकडा मागून घ्यावा लागतो. तो मागायची रीत लिनक्सवर एक, विंडोजवर दुसरी. लिनक्सवर तर दोन-तीन. लॅबमधला संगणक लिनक्सचा आणि मैदानावरचा विंडोजचा, त्यामुळे मी अपाचे पोर्टेबल रनटाइम ही सी भाषेतली लायब्ररी घेतली. हिला फक्त आकार आणि नाव सांगायचं. त्या यंत्रावर कोणता मार्ग चालतो ते ती बघते.

नाव न दिलं तरी चालतं. मग तो तुकडा निनावी राहतो आणि लिनक्सवर आपल्याच प्रोग्रॅमच्या 'मुलांना' मिळतो. नाव दिलं, तर परवानगी असलेला कोणताही प्रोग्रॅम त्याला जोडून घेऊ शकतो. अपाचे वेब सर्व्हर आपली कोणती प्रक्रिया कामात आहे आणि कोणती रिकामी, हे अशाच सामाईक तुकड्यात लिहितो. त्याचं नावही स्कोअरबोर्डच!

लायब्ररी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण तुकड्यात मी धावपटूंच्या नोंदींचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, साठवले होते. लॅबमध्ये एकाच प्रोग्रॅममधून दुसरा जन्मायचा, त्यामुळे दोघांना तुकडा एकाच पत्त्यावर दिसायचा. मैदानावर दोन्ही स्वतंत्र सुरू झाले. तुकडा तोच, पत्ते वेगळे. दुसरा प्रोग्रॅम भलत्याच जागी वाचायला गेला आणि कोसळला.

फॉल-इनमध्ये 'लिंबाखाली उभा आहे तो' असं सांगितलं, तर स्क्वॉड हलल्यावर तिथे दुसराच सापडेल. 'राईट मार्करपासून नववा' म्हटलं, तर स्क्वॉड मेससमोर उभा केला तरी माणूस तोच. तुकड्यातही पत्ता नाही, सुरुवातीपासूनचं अंतर साठवायचं. याच लायब्ररीच्या जोड-लायब्ररीत 'आरएमएम' नावाचा भाग आहे. सामाईक तुकड्यातून हवी तेवढी जागा मागितली की तो पत्त्याऐवजी अंतर देतो आणि प्रत्येक प्रोग्रॅम त्यात आपली सुरुवात मिळवून घेतो. काम झालं की जागा परतही करता येते. फक्त अख्खा तुकडा मागाहून मोठा करता येत नाही, म्हणून या वेळी मी सगळ्या शाळेला पुरेल इतका आधीच मागितला.

पॉइंटर काढून अंतरं घालण्यात दोन प्रेप गेल्या, अर्थात सरांना विचारून. यंदाच्या सराव धावेत पडदा शेवटपर्यंत टिकला. त्यावर आमचं हाऊस तिसरं दिसत होतं, पण तो दोष प्रोग्रॅमचा नव्हे.