कामतांची मोजपट्टी आणि रेडीचे मूल

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीजवळ, रेडी हे गाव आहे. येथे पाठ्यपुस्तकातील ‘मला’ घरी ‘माका’ होते आणि ‘कुठे’चे ‘खंय’. अशा दोन बोलींमध्ये वावरणाऱ्या मुलाची बुद्धी कोणत्या शब्दांत मोजावयाची? या प्रश्नाच्या मुळाशी जाताना एका मोठ्या, पण सामान्य वाचकाला अपरिचित अशा संशोधकाचे स्मरण होते. ते संशोधक म्हणजे व्ही. व्ही. कामत.

शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे साहाय्य देता यावे, या हेतूने आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन कसोटी रचली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिला नवे रूप दिले. ती कसोटी नुसती भाषांतरित करून भागण्यासारखे नव्हते. परदेशी नाणी, चित्रे, रीतिरिवाज इकडच्या मुलाला अनोळखी; शिवाय कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना सुटतो, हे येथील मुलांवरच पडताळावे लागते. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे कामतांनी हे कष्टाचे काम हाती घेतले. हजाराहून अधिक जणांची तपासणी करून त्यांनी कानडी व मराठी या दोन्ही भाषांतील मुलांसाठी कसोटी सिद्ध केली. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, तर भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

‘बिने-कामत कसोटी’ एकविसाव्या शतकातही रुग्णालयांतून वापरली गेली. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना तिचा आधार घेतला गेला. हा कामतांचा गौरव खरा. पण पुढील पिढ्यांच्या आळसाचा तो पुरावाही नव्हे काय? जुन्या पायाभूत वर्षावर बेतलेला निर्देशांक आजची महागाई सांगू शकत नाही, हे कोणताही कारकून जाणतो. बुद्ध्यांकाचेही तसेच आहे. अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. जुन्या प्रमाणांवर मोजलेला आकडा त्यामुळे फुगतो आणि साहाय्यास पात्र असलेले मूल त्यापासून वंचित राहू शकते. उलट, अनोळखी शब्दामुळे अडखळलेले हुशार मूल मंद ठरण्याचा धोका आहेच.

बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, हे मत खुद्द बिने यांनीच १९०९ साली खोडून काढले होते. मोजमाप हे मुलाला हात देण्यासाठी असते, त्याच्यावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. मोजपट्टी मुलाकडे नेली पाहिजे, हा कामतांच्या कार्याचा खरा धडा होय. त्यांची पट्टी जशीच्या तशी जपण्यापेक्षा त्यांचे कष्ट पुन्हा करणे, आणि या वेळी रेडीच्या मुलाची बोलीही ध्यानात घेणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.