फौजीचं कर्ज: ऐकीव काय, खरं काय

‘फौजीचा पगार कोर्टसुद्धा जप्त करू शकत नाही.’ छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत हे ठामपणे सांगितलं जातं, आणि सुट्टीवर आलेल्या जवानाच्या तोंडून कन्नड-सिल्लोडच्या पारावरही. खोटं नाही, पण अर्धंच आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 28 दिवाणी कोर्टाला पगार-भत्ते जप्त करू देत नाही. कलम 29 मुळे फौजेत असेपर्यंत कर्जापायी अटकही होत नाही. मात्र हे कवच पगाराला आणि जवानाला आहे, कर्जाला नाही. तारण ठेवलेलं घर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, कोर्टात खटला न लढवताही, ताब्यात घेऊ शकते. जामीन राहिलेल्या मेव्हण्याला तर कसलंच कवच नाही. बँक त्याच्याच दारात उभी राहते. थकलेल्या हप्त्यांची नोंद सिबिलमध्ये पडते ती वेगळीच. शिवाय पगार खात्यातून हप्ता कापायची परवानगी आपणच सही करून दिलेली असते. ती कपात म्हणजे जप्ती नव्हे.

‘पगार खातं कुठेही काढा, सगळं सारखंच.’ स्टेट बँकेचं डिफेन्स सॅलरी पॅकेज किंवा पंजाब नॅशनलचं रक्षक यांत अपघात विमा मिळतो, पण पगार त्याच खात्यात येत असेल तरच. दुसऱ्या बँकेच्या आमिषाने पगार वळवला की विमाही जातो, आणि घरच्यांना ते क्लेमच्या वेळी कळतं. विम्याची रक्कम आणि अटी लेखी मागा.

‘व्याज जास्त देते ती बँक चांगली.’ हे या शहराला तरी सांगायला नको. आदर्श नागरी पतसंस्थेच्या ठेवीदारांचे पैसे 2023 मध्ये कसे अडकले, ते सगळ्यांनी पाहिलं. एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने अजंठा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पण दोन्हींत मोठा फरक आहे. सहकारी बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते अजिबात नसतं.

‘दहा टक्के म्हणजे दहा टक्के.’ फ्लॅट दराने 1 लाख रुपये 3 वर्षांसाठी घेतले, तर व्याज 30 हजार आणि हप्ता सुमारे 3,611 रुपये. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर जवळपास 18 टक्के पडतो. एजंट हे आपणहून सांगत नाही, का सांगेल? त्यामुळे बहिणीच्या लग्नासाठी पर्सनल लोनच्या फॉर्मवर सही करण्याआधी एएफपीपी या आपल्या भविष्य निर्वाह फंडात किती साठलंय ते बघा. अधिकाऱ्यांसाठी तो डीएसओपी. नियमात बसत असेल तर त्यातून ॲडव्हान्स मिळतो, आणि तो पैसा तुमचाच असतो. बदलत्या दराचं कर्ज आधीच चालू असेल तर पगाराच्या थकबाकीचे पैसे हाती येताच ते फेडा. अशा वैयक्तिक कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.