केसाळ कुत्र्यांच्या अंगावरील जटा

पामेरियन, ल्हासा अप्सो, कॉकर स्पॅनियल यांसारख्या लांब केसांच्या कुत्र्यांच्या अंगावर पावसाळ्यात जटा होण्याचे प्रमाण वाढते. ल्हासा अप्सो ही तर मूळची तिबेटच्या थंड, कोरड्या पठारावरील जात. गोव्यातील जून ते सप्टेंबरची दमट हवा तिच्या दाट केसांना मानवत नाही. जटा म्हणजे केवळ दिसण्यातील दोष, असा पुष्कळांचा समज आढळतो. तो धोक्याचा आहे.

अशा कुत्र्यांच्या लांब केसांखाली आखूड, लोकरीसारख्या मऊ केसांचा आणखी एक थर असतो. हे आतले केस गळतात, पण खाली न पडता वरच्या केसांत अडकतात. त्यांना ओल व घर्षण मिळाले की गुंता घट्ट होत जाऊन नमद्यासारखा थर बनतो. म्हणूनच जटांचा आरंभ कानांमागे, गळपट्ट्याखाली, काखेत व जांघेत होतो. पाठीवरील केस चकचकीत दिसले, तरी काखेत बोटे घालून पाहिल्यावाचून खात्री मानू नये.

जटेखालील त्वचेला हवा लागत नाही. ती ओलसर राहून तिचा दाह होतो, खाजेमुळे कुत्रा तीच जागा चाटतो व जखम होते. अशा जखमेवर माशांनी घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडू शकतात आणि वरच्या जटेमुळे त्या दृष्टीस पडत नाहीत. बहुधा दुर्गंधीनेच त्यांचा पत्ता लागतो. अशा वेळी घरी फिनाईल ओतण्याचा अघोरी उपाय न करता कुत्र्यास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

जटा सोडविण्यापूर्वी आंघोळ घालू नये. भिजून वाळलेली जटा अधिकच आवळते. लहान गुंत्यावर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, त्वचेलगतचे केस एका हाताच्या चिमटीत धरावेत, म्हणजे ओढ त्वचेस लागत नाही, आणि बोटांनी व पोलादी फणीने टोकाकडून मुळाकडे सरकत गुंता मोकळा करावा. कुत्रा कंटाळल्यास उरलेले काम दुसऱ्या दिवशी करावे. कात्री मात्र वापरू नये. जटेबरोबर त्वचेची घडी वर ओढली जाते व केस समजून तीच कापली जाते. त्वचेला चिकटलेली जटा जाणकाराकडून यंत्रानेच काढवून घ्यावी. कानावरील जड जटा काढल्यावर कुत्रा डोके जोराने झटकतो व कानाच्या पाळीत रक्त साठू शकते, म्हणून दोन दिवस लक्ष ठेवावे.

पुढे एक दिवसाआड तरी केसांचे भांग पाडून त्वचेपर्यंत फणी फिरवावी. वरवरच्या विंचरण्याने आतील गुंता तसाच राहतो. पावसात भिजलेला कुत्रा मुळांपर्यंत कोरडा करावा. गळपट्टा रात्री काढून ठेवणे उत्तम. उन्हाळ्यात पामेरियनचे सर्व केस भादरण्याची प्रथा मात्र इष्ट नव्हे. त्वचा उन्हाने भाजू शकते, आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्ववत वाढत नाहीत.