बिल उशिरा आले, दंड कोणी भरायचा?

सिंगापूरचे टपाल वक्तशीर, असा आपला समज. तरीही २०१७ साली पत्रे वेळेत पोचवण्याचे ठरलेले प्रमाण न गाठल्याबद्दल नियामक संस्थेने २०१९ मध्ये सिंगपोस्टला १ लाख डॉलर दंड केला. त्यातून ग्राहकाच्या हाती काही पडत नाही. बिल उशिरा आले तरी विलंब आकार आपल्याच माथी बसतो.

मग गप्प बसावे का? मुळीच नाही. नोव्हेनाच्या आमच्या घरी एका कार्डाचे बिल मुदत उलटल्यावर आले. मी त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरली, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवली (अशा पाकिटांवर बहुधा तारखेचा शिक्का नसतो) आणि आकार व व्याज दोन्ही माफ करण्याची लेखी विनंती केली. आधीची बिले वेळेवर भरलेली असल्याने ती मान्य झाली.

नकार आल्यास बँकेविरुद्ध 'फिड्रेक'कडे आणि इतर कंपन्यांविरुद्ध 'केस' या ग्राहक संघटनेकडे जाता येते. सेवेच्या करारातून उद्भवलेले २० हजार डॉलरपर्यंतचे दावे दोन वर्षांच्या आत स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलपुढे नेता येतात. तेथे वकील लागत नाही.

भारतातले क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम लक्षात ठेवावा: देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय विलंब आकार लावता येत नाही.

सर्वांत सोपे म्हणजे नेहमीची बिले जायरोने भरावीत, आणि ठरलेल्या दिवशी बिल आले नाही तर फोन करून रक्कम विचारावी.