भिंत नसलेलं पाणी

दर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. तिथे पहिल्यांदा उतरायचं ठरवणाऱ्यांत आता भोसरी-निगडीच्या तलावांवर सकाळची बॅच करणारे नोकरदारही असतात. कोणी चाकणच्या कंपनीत लाइनवर, कोणी तळवड्यात मशिनवर. दम चांगला असतो, फ्रीस्टाईल सुधारलेली असते. तरीही तलावातला पोहणारा समुद्रात गडबडतो. त्याला कधी न जाणवलेली एक मदत तिथे नसते, ती म्हणजे भिंत.

साधा हिशोब करू. २५ मीटरच्या तलावात पाच किलोमीटर म्हणजे २०० फेऱ्या. प्रत्येक वळणावर पायांनी भिंत ढकलली की पाच-एक मीटर अंतर हात न मारता सरतं. म्हणजे पाच किलोमीटरमधला जवळपास एक किलोमीटर भिंतीनेच पार करून दिलेला असतो. शिवाय दर फेरीला खांद्यांना क्षणभर सुटी मिळते, ती वेगळीच. म्हणून समुद्राची तयारी तलावातच सुरू होते. भिंतीच्या दोन मीटर अलीकडे, काहीही न ढकलता वळायचं आणि पुन्हा हात सुरू करायचे. पहिले काही दिवस वेग पडतो, खांदे भरून येतात. पण खरा वेग तोच आहे आणि अंतर निवडताना तोच धरावा.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे तळाची काळी रेघ. समुद्रात खाली पाहिलं तर नुसता हिरवट गढूळपणा. बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतो, त्यामुळे माणूस नकळत एका बाजूला सरकत जातो. लेन रिकामी असेल तेव्हा डोळे मिटून दहा-बारा हात मारून पाहावेत. आपला कल कुठे आहे ते लगेच कळतं. मग सवय लावायची ती दर आठ-दहा हातांनी समोर बघण्याची. डोळे फक्त पाण्यावर यावेत, हनुवटी नको. डोकं जास्त उचललं की कंबर खाली जाते आणि पाय ओझं होतात. लाटेत मार्ग दाखवणारा तरंगता बोया दिसेनासा होतो, म्हणून त्याच्या मागचं उंच काहीतरी हेरून ठेवावं: माड, देऊळ, टॉवर. श्वासही दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा. लाट ज्या बाजूने येते तिकडे तोंड उघडलं तर हवेऐवजी खारं पाणी पोटात जातं.

सराव करायचा कुठे, हा आपल्या भागातला अवघड प्रश्न. पवना, मुळा, इंद्रायणी घराजवळून वाहतात, पण आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहिलेला माणूस त्या पाण्यात तोंड घालणार नाही. सुटीच्या दिवशी गाडी काढून पवना धरणावर जाण्याचा मोह होतो. तो टाळावाच, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. तिथे दरवर्षी माणसं बुडतात, सोबत होडी नसते, हाकेला कोणी नसतं. त्यापेक्षा म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला ५० मीटरचा तलाव बरा. तिथे भिंती निम्म्याने कमी होतात. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मालवणला पोहोचून, स्थानिक जाणकारांना विचारून, सोबतीने किनाऱ्यालगत अर्धा तास पोहून घ्यावं.

शिफ्ट बदलते तसं वेळापत्रक मोडतं. फर्स्ट शिफ्टची बस पहाटेच दारात येते, म्हणजे सकाळची बॅच गेली. अशा आठवड्यात संध्याकाळी दोनदा कमी अंतर आणि सुटीच्या दिवशी एकदाच लांब अंतर, एवढं पुरे. हे लांब अंतर हळूहळू वाढवत स्पर्धेच्या पाऊण हिश्शापर्यंत न्यावं. मात्र नाईट करून आल्या आल्या लांब पोहू नये.

कोकणच्या समुद्राचं एक बरं, थंडीची भीती नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाणी १६ अंशांच्या खाली किंवा ३१ अंशांच्या वर असेल तर स्पर्धा होत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही पाणी कोमट असतं. उलट इथे काळजी घामाची. पाण्यात घाम येतो तो कळत नाही, म्हणून तासाभरापेक्षा लांब अंतरासाठी लिंबू-साखर-मिठाचं पाणी आधीच सरावात पिऊन पाहावं. काखेत आणि मानेला व्हॅसलिन लावावं. खाऱ्या पाण्यात कातडी घासून सोलवटते.

वेळेचं गणित चंद्र आणि वारा मांडतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी शांत. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो तेव्हा समुद्र सपाट राहतो, दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. नवख्याने म्हणूनच सकाळची स्पर्धा बघावी.

पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातल्या सात अवघड खाड्या पूर्ण केल्या. असं करणारा तो पहिला आशियाई. पहिल्याच वर्षी त्याच्याकडे बघून दहा किलोमीटरला नाव नोंदवू नये. दोन किंवा तीन किलोमीटर निवडावे. आणि सुरुवातीच्या गर्दीत कोणाची लाथ लागली, छाती धडधडली, श्वास घेता येईना, तर उताणं होऊन तरंगावं. धडधड थांबली नाही तर हात वर करावा, बचावाची होडी त्यासाठीच असते.