रोवणीआधीची कंबर

नागपूर जिल्ह्याचे नाव संत्र्यांशी जोडलेले आहे, पण रामटेक, मौदा, पारशिवनी हा पट्टा धानाचा. मृगाच्या सुमारास पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकले जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला वेग आला की मजूर बायकांचे गट सकाळपासून दिवस कलेपर्यंत चिखलाने भरलेल्या बांध्यांमध्ये वाकलेले दिसतात. संध्याकाळी कंबरेला मलम चोळायचे, फारच झाले तर दुखण्याची गोळी घ्यायची आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरायचे, हा क्रम महिनाभर चालतो. यातली कुणीही आळशी नसते, नाजूकही नसते. तरी कंबर धरते. त्याचे कारण 'वाकण्याचे काम वाईट' एवढ्यावर आपण सोडून देतो. शरीरशास्त्र जे सांगते ते थोडे वेगळे आहे. दुखापतीचे मोठे कारण कामाच्या जडपणाइतकेच त्याच्या अचानकपणात असते. महिनोन्महिने जे काम स्नायूंनी केलेले नाही, ते एका सोमवारी आठ-नऊ तास करायला लावले की शरीर हरते. म्हणून रोवणीच्या कंबरेची काळजी श्रावणात घेऊन फारसा उपयोग होत नाही. ती ज्येष्ठात घ्यावी लागते.

याचा सर्वांत सोपा पुरावा रामटेकच्या गडावर मिळतो. रामनवमीला किंवा कार्तिकातल्या यात्रेला हजारो माणसे पायऱ्यांनी गड चढतात. चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे, आणि तेही त्या दिवशी न दुखता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतो. अशा कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिचे दुखणे २४ ते ७२ तासांत वर येते. गुडघ्यांवरही उतरणीचा भार मोठा असतो. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यात मोजणी करणारी यंत्रणा बसवली होती अशा रुग्णांवर जर्मनीत मोजमाप झाले, तेव्हा सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार गुडघ्यावर आढळला. पण याच उतरणीची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. स्नायूला असे काम एकदा बेताने दिले, तर पुढचे काही आठवडे तेच काम त्याला कमी इजा करते. हा परिणाम प्रयोगशाळांत वारंवार दिसून आला आहे. यात्रेआधी दोन-तीन आठवडे घरच्या किंवा शेजारच्या जिन्यावरून थोडे थोडे उतरण्याचा सराव केला, तर यात्रेनंतरचे तीन दिवस भिंत धरून चालावे लागत नाही. गडावर रोज वावरणारा माणूस सहज चढ-उतार करतो, त्याचे श्रेय त्याच्या हाडांपेक्षा या सवयीला अधिक आहे.

रोवणीत उतरणीपेक्षा वेगळी गोष्ट घडते. बराच वेळ पूर्ण वाकून राहिले की पाठीचे स्नायू हळूहळू सैल पडतात आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. हे अस्थिबंध ताणले जातात आणि सरळ उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. वीस मिनिटे वाकून बसवलेल्या माणसांच्या पाठीचे मोजमाप कॅनडात झाले होते. त्यात आलेली शिथिलता पहिल्या दोन मिनिटांत निम्मीच भरून निघाली आणि अर्ध्या तासानंतरही थोडी उरली होती. याचा बांधीतला अर्थ असा की धोक्याचा क्षण वाकलेले असतानाचा नसून त्यानंतरचा आहे. तासभर रोवून उठायचे आणि लगेच पऱ्ह्यांच्या ओल्या जुड्यांचे घमेले उचलायचे, यात उसण भरण्याची शक्यता सर्वांत जास्त. तेवढ्यासाठी दोन मिनिटे उभे राहावे, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकावे, धुऱ्यावरून चार पावले चालावे आणि मगच ओझे उचलावे. शक्य तिथे ओझे उचलणारी बाई आणि रोवणारी बाई वेगळी असावी, आणि दर तास-दीड तासाने त्यांनी काम बदलून घ्यावे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मोलाचा आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे ही शहरी माणसाची हौस नव्हे काय? कष्ट हाच तिचा व्यायाम. पण व्यायाम आणि कष्ट यांत एक मूलभूत फरक आहे. व्यायामात भार आपण ठरवतो, तो हळूहळू वाढवतो आणि मध्ये विश्रांती देतो. त्या विश्रांतीतच स्नायू आणि कंडरा मजबूत होतात. कष्टात भार हंगाम ठरवतो, मालक ठरवतो, पाऊस ठरवतो. रोवणीत पाठ वाकलेलीच राहते, ती मागे कधी जात नाही. मांड्यांना पूर्ण जोर लावावा लागत नाही. म्हणजे काही स्नायू थकून जातात आणि काहींना कामच मिळत नाही. आणि उन्हाळ्याच्या ज्या महिन्यांत शेतात काम नसते, त्या काळात हाच देह बराचसा स्वस्थ असतो. कष्टकरी माणसालाही तयारी लागते, किंबहुना त्यालाच अधिक लागते, कारण त्याची मजुरी त्याच्या कंबरेवर उभी आहे.

ही तयारी अवघड नाही आणि तिला साधन लागत नाही. रोवणीच्या तीन-चार आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. खाटेवर किंवा खुर्चीवर बसून हाताचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठणे-बसणे. उताणे झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलून पाच श्वास धरायची. उभ्याने टाचा उचलायच्या. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायचा, मग दुसरा. आणि पाठ फार न वाकवता कमरेच्या सांध्यातून पुढे झुकून पाण्याची बादली उचलण्याचा सराव, आधी अर्धी भरून, मग पूर्ण. जो व्यायाम दहा वेळा सहज जमतो तो पुढच्या आठवड्यात थोडा अवघड करायचा. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे आंबले तर ठीक; सांध्यात कळ आली तर मागे यायचे. ज्यांना एवढेही नको, त्यांनी चालावे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले हे लोक होते. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालायला लावले, त्यांच्यात दुखणे परत येण्याचा मधला काळ २०८ दिवस निघाला, इतरांच्यात ११२. रामटेकच्या अंबाळा तलावापर्यंतची सकाळची फेरी या दृष्टीने औषधच आहे.

कंबरपट्टा बांधून भागेल असे अनेकांना वाटते. त्याच्या बाजूने पुरावा नाही. तीस हजारांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. त्यात व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीने कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला. पट्टे आणि बुटातल्या गाद्या यांनी दुखणे टळल्याचे दिसले नाही. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्लाही आता मागे पडला आहे. साध्या कंबरदुखीत झेपेल तितके हिंडते-फिरते राहणाऱ्यांचे दुखणे लवकर आटोक्यात येते. आणखी एक भीती मणक्याचा फोटो काढल्यावर बसते. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य ऐकलेला माणूस आयुष्यभर वाकायला घाबरतो. ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांचे मणके तपासले, तर विशीतल्या तीनेकांपैकी एकाच्या आणि ऐंशीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या चकतीत झीज दिसते. केस पांढरे होण्याइतके ते वयाचे लक्षण आहे. त्यामुळे फोटोवरून माणसाला निकामी ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. रोवणी पुष्कळदा गुत्त्याने होते. एकराचा दर ठरलेला, जितके लवकर उरकेल तितके पुढचे शेत मिळते. अशा वेळी दोन मिनिटे उभे राहण्याची किंमत बाईच्या पदरातून जाते. हे खरे आहे, आणि म्हणून प्रतिबंधाची सगळी जबाबदारी तिच्या अंगावर टाकणे मला पटत नाही. अवजार आणि पद्धत बदलणे हासुद्धा फिजिओथेरपीचाच विचार आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणलेल्या दातेरी 'वैभव' विळ्याने कापणीचे श्रम कमी झाले. उभ्याने ढकलायच्या कोनोविडरने निंदणीतले वाकणे टळते. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत गादीवाफ्यावर थेट बी टोचले जाते. चिखलणी आणि रोवणी दोन्ही नाहीत. यंत्राने बायकांची मजुरी जाईल ही शंकाही खोटी नाही. पण मजुरी वाचवायची म्हणून पाठ मोडायची, एवढाच पर्याय आपण त्यांच्यापुढे ठेवला तर तो अपुरा आहे. यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण बचत गटांतल्या बायकांना आधी मिळाले पाहिजे, आणि गुत्ता ठरवताना विसाव्याचा वेळ दरात धरला गेला पाहिजे.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. नागपुरातही ते वर्षानुवर्षे दिले जाते. तरी तालुक्यातल्या शेतमजुराला या विद्येची ओळख होते ती बहुधा हाड मोडल्यावर किंवा अर्धांगवायूनंतर. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामात जाऊन मणक्याच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. खेड्यातल्या पाठीचा प्रश्न किती मोठा आहे हे त्यातून दिसते. रामटेक तालुक्यात आशा सेविका घरोघरी जातातच. मे महिन्यात त्यांच्यामार्फत गावातल्या रोवणीच्या गटांना हे पाच व्यायाम दाखवता येतील, त्याला इमारत लागत नाही. त्याच वेळी त्यांनी एक यादीही सांगावी: कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर व्यायाम आणि मलम दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.